तृप्तीचे अकरा सेकंद

माझ्या बायकोला कुणी "या वयात कशाला पळता?" असं विचारलं की ती हसून विषय बदलते. मला मात्र विचारणाऱ्याची गचांडी धरावीशी वाटते. आमच्या घरात रागाचं खातं माझ्याकडे आहे आणि ते मी इमानेइतबारे सांभाळतो. तृप्ती साळवे, वय चव्वेचाळीस, ओमानमधल्या सोहार बंदराजवळच्या धातूच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. तिच्या वयोगटात तिच्यापुढे पळणाऱ्या बायका अख्ख्या सोहारमध्ये दोनच. त्या दोघी ओमानी आहेत आणि त्यांना असलं काही कुणी विचारत नाही.

तिचं काम मापांचं. भट्टीचं तापमान, नळीतला दाब, टाकीतली पातळी दाखवणारी यंत्रं खरं बोलतात की नाही हे ती तपासते. त्यामुळे स्वभावही तसाच झालाय. "आज छान पळालीस" म्हटलं की विचारते, "छान म्हणजे किती?" मी पलीकडच्या एका कंपनीत ड्रॉइंग्ज सांभाळतो. कुठल्या नकाशाची कितवी आवृत्ती साइटवर गेली, कुठली रद्द झाली, एवढंच बघतो. थोडक्यात, ती मोजते आणि मी शिक्के मारतो.

आम्ही दोघं पिंपरीचे. तृप्ती महापालिकेच्या शाळेतून जिल्ह्यापर्यंत पंधराशे मीटर पळाली होती. दहावीनंतर घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, अगदी खेळाच्या मास्तरांनीसुद्धा ठरवून टाकलं की पळून पोट भरत नाही. तिने वाद घातला नाही, इंजिनियर झाली. मला ही गोष्ट लग्नानंतर दहा वर्षांनी कळली आणि त्या मास्तरांना मी पाहिलेलंही नसताना त्यांचा राग आला. तृप्ती म्हणाली, "अरे, ते वारले."

ती पुन्हा पळायला लागली ती आमच्या आकांक्षामुळे. आकांक्षा इथल्या इंडियन स्कूलमध्ये बास्केटबॉल खेळायची. सरावाच्या वेळी बाकीचे आईबाप गाडीत एसी लावून मोबाइल बघत बसत. एक दिवस तृप्ती गाडीतून उतरली आणि सलवार-कमीज आणि फ्लोटर्स घालून मैदानाला फेऱ्या मारायला लागली. तेव्हा ती अडतीसची होती. वर्षभरात तिने बूट घेतले, दुसऱ्या वर्षी मनगटावर पळण्याचं घड्याळ आलं, आणि मी सायकल घेऊन पाण्याची बाटली धरायला तिच्या मागे जायला लागलो.

आकांक्षा आता पुण्यात कॉलेजला आहे, कॉलेजच्या संघात गार्ड खेळते. तिची मॅच असली की तिची मैत्रीण मैदानाच्या कडेला बसून मोबाइलवर लाइव्ह दाखवते. चित्र हलतं, मध्येच बोट येतं, पंचाची शिट्टी कानात घुसते. तृप्तीला त्याचं काही नाही. ती वही घेऊन बसते. फक्त लेकीच्या नाही, सगळ्या संघांच्या मॅचेस बघते. समोरच्या कॉलेजची उंच सेंटर दहातले किती फ्री थ्रो चुकवते हे तिला तोंडपाठ असतं. बास्केटबॉलमधून तिने एक गोष्ट उचललीय आणि ती लेकीला आणि स्वतःला सारखी बजावते, की चुकलेल्या शॉटकडे बघत उभं राहिलं की तेवढ्यात समोरचे बास्केट करून जातात. चुकला की वळायचं आणि मागे पळायचं.

गेल्या वर्षीच्या सीझनला तिला हे वाक्य फार वापरावं लागलं.

ओमानमध्ये पळणाऱ्यांचं वर्ष छोटं. नोव्हेंबरात हवा गार होते, एप्रिलच्या मध्यानंतर पहाटेसुद्धा अंगाची लाही होते. गेल्या वर्षी मार्चभर रमजान असल्यामुळे शर्यती आणखी आवळून आल्या होत्या. आणि त्यातच खुदेजाने तृप्तीपुढे एक अट ठेवली. खुदेजा ही इथल्या एका अ‍ॅथलेटिक्स क्लबची कोच. बलुची घरातली, हिंदी आमच्यापेक्षा बरी बोलते, आणि बोलते ते मोजून. नोव्हेंबरमध्ये आखाती देशांतल्या चाळिशीपुढच्या खेळाडूंची स्पर्धा होती. क्लबच्या संघात तीन बायका हव्या होत्या. दोघी ठरल्या होत्या. तिसरीच्या जागेसाठी खुदेजा म्हणाली, "दहा किलोमीटर, पंचेचाळीस मिनिटांच्या आत. मोजलेल्या रस्त्यावर, माझ्या घड्याळासमोर. एप्रिलच्या मध्यापर्यंत. उसके बाद गर्मी, खलास."

घरी येऊन तृप्तीने ते फ्रिजवर लिहून लावलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. फक्त रात्री जेवताना मला म्हणाली, "लोकेश, सतरा वर्षांची असताना मला कुणी संघात घेतलं असतं का, ते मला कधी कळलंच नाही. हे मला करायचंय." लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढं सरळ तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी मस्कतला, अझैबाच्या किनाऱ्यावर पहिली शर्यत होती. त्याआधी नऊ दिवस तिच्या कारखान्यात दुरुस्तीचा शटडाऊन. रोज बारा-बारा तास लोखंडी जाळ्यांच्या जिन्यांवरून चढउतार. मी म्हणालो, मॅनेजरला सांग की शर्यत आहे. ती म्हणाली, भट्टीला सांगू का? सेहेचाळीस मिनिटं एकतीस सेकंदांत आली. मी परतीच्या दोनशे किलोमीटरमध्ये तिच्या मॅनेजरला एवढ्या शिव्या घातल्या की वाटेतलं बरका गेलेलंही मला कळलं नाही.

फेब्रुवारीत बरक्यालाच दुसरी शर्यत. सातव्या किलोमीटरला पोटरी धरली. मी सायकलवर होतो, मला दिसलं. ती थांबली, पाय दाबला, आणि उरलेले तीन किलोमीटर लंगडत चालून तिने शर्यत पुरी केली. एका माणसाने अंतिम रेषेवर "वेल डन, भाभी, कम्प्लीट करना इज इम्पॉर्टंट" असं म्हणून तिच्या गळ्यात मेडल घातलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लंगडणाऱ्या माणसाला काय बोलू नये हे लोकांना शिकवायला शाळा काढली पाहिजे. तृप्तीने ते मेडल गाडीत काढून ठेवलं आणि घरी आल्यावर बर्फ लावत बसली.

मार्चमध्ये ती सावरली. रमजानात कामाचे तास कमी असतात, पण दिवसा रस्त्यावर पाणी प्यायचं नाही, त्यामुळे ती पहाटेच्या अजानच्या आधी पळून यायची. तीन आठवडे हळू, मग थोडं जोरात, मग पोटरी धरते का ते बघत आणखी जोरात. एकदाही कुरकुरली नाही. मीच तिच्या वाट्याची कुरकुर करत होतो.

त्याच महिन्यात आकांक्षाच्या कॉलेजने स्पर्धेच्या फायनलमध्ये धडक मारली. मॅच पुण्याच्या वेळेनुसार चारला, म्हणजे आमच्याकडे अडीचला. आम्ही दोघं घरी येऊन मोबाइल टेबलावर उभा करून बसलो. पोरी वॉर्मअप करून चारला रांगेत उभ्या राहिल्या. आणि उभ्याच राहिल्या. कारण कुणी एक पाहुणे यायचे होते, त्यांच्या हस्ते चेंडू उडवायचा होता. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. पोरींचा घाम सुकला. आकांक्षा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. पाहुणे पन्नास मिनिटांनी आले, प्रत्येक पोरीशी हात मिळवला, फोटो काढला, चेंडू उडवला. तिसऱ्या मिनिटाला आकांक्षा वळताना घोटा मुरगळून पडली आणि तिची फायनल संपली. अंग थंड पडल्यावर दुसरं काय होणार?

संध्याकाळी मी तिच्या कोचला फोन लावला. तृप्ती शेजारी होती. मी म्हणालो, "सर, पाहुणे पोरींसाठी आले होते की पोरी पाहुण्यांसाठी? पन्नास मिनिटं उभं केलंत तुम्ही त्यांना. एकाच्या तोंडून निघालं नाही की चला, सुरू करू? तुम्ही कोच आहात की सतरंज्या उचलणारे?" कोच बिचारा म्हणाला, "साळवे साहेब, असं असतंच. पाहुणे यायचे असतात, आपल्या हातात काय असतं?" मी म्हणालो, "शिट्टी तुमच्या गळ्यात असते." फोन ठेवला तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आठवडाभर मी ते वाक्य जो भेटेल त्याला ऐकवत होतो.

आता पुढचं सांगायचं तर मला माझाच राग येतो, पण सांगतो.

चौदा एप्रिलच्या निमित्ताने आमचं सोहारमधलं समता मंडळ दरवर्षी जयंतीचा कार्यक्रम करतं. आम्ही बहुतेक सगळे इंजिनियर, सुपरवायझर, ऑफिसातले लोक. अध्यक्ष तानाजी भालेराव सर, मी सहचिटणीस. गेल्या वर्षी तृप्तीने सुचवलं की जयंतीच्या आधीच्या शुक्रवारी समुद्राकाठच्या कॉर्निशवर पहाटे दहा किलोमीटरची समता दौड ठेवू. सगळ्यांना कल्पना आवडली. तृप्तीसाठी ती सीझनची शेवटची संधी होती. तिने खुदेजाला बोलावलं. खुदेजाने स्वतः चाकाच्या यंत्राने रस्ता मोजून खुणा केल्या आणि सांगितलं की वेळ ती लावेल. सुरुवात ठरली पावणेसहाला, कारण तेव्हा हवा सव्वीसच्या आसपास असते आणि सातला बत्तीस.

झेंडा कुणी दाखवायचा हे बैठकीत ठरत होतं. मीच ओमप्रकाशजींचं नाव सुचवलं. ओमप्रकाशजी आमच्या कंपनीचे जनरल मॅनेजर, मस्कतला राहतात. तीन वेळा त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मी त्यांचा होकार आणला. परिचय करून द्यायची जबाबदारी माझ्याकडे घेतली. दोन संध्याकाळ बसून दीड पानाचं भाषण लिहिलं. तृप्तीने फक्त विचारलं, "ते वेळेवर येतील ना?" मी म्हणालो, "एवढा मोठा माणूस आहे, वेळेची किंमत त्याला नाही कळणार तर कुणाला?"

त्या शुक्रवारी खुदेजा पाच पस्तीसलाच घड्याळ गळ्यात अडकवून हजर होती. चाळीसेक लोक छातीवर नंबर लावून उभे होते. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो टेबलावर, पुढे फुलं, मेणबत्त्या. तृप्ती सव्वापाचपासून वॉर्मअप करत होती. पावणेसहाला ती रेषेवर येऊन उभी राहिली. समुद्रावरून गार वारं येत होतं.

पाच सत्तेचाळीसला माझा फोन थरथरला. ओमप्रकाशजींचा मेसेज होता. "थोड़ी देर हो रही है. आप लोग प्लीज़ शुरू कर दीजिए, मैं प्राइज़ के टाइम पहुँच जाऊँगा."

मी तो वाचला आणि फोन खिशात टाकला. कुणाला सांगितलं नाही. तानाजी सरांना नाही, तृप्तीलाही नाही. त्या क्षणी डोक्यात काय होतं ते मला लख्ख आठवतं. आमच्या कंपनीत बारा वर्षं मी त्या माणसाला लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग म्हणत आलो, त्याला माझं नाव माहीत नव्हतं. तो माणूस आमच्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर वाकून फूल वाहणार, सगळ्यांसमोर, आणि मी त्याचा परिचय करून देणार, हे मला पाहायचं होतं. शर्यत सुटल्यावर ते झालं नसतं. पळणारे पळत असते आणि फुलं वाहायला चार म्हातारे उरले असते.

तृप्ती माझ्याजवळ आली. "किती?"

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

सहाला ती पुन्हा आली. "लोकेश, तानाजी सरांच्या हातात झेंडा दे. नाहीतर तूच हलव. कुणीही हलवला तरी आम्ही पळणार आहोत."

"अगं, निघालेत ते. बरं दिसत नाही. पाच मिनिटं."

सव्वासहाला खुदेजा आली. "भाई, यल्ला, चलो. सूरज चढ़ रहा है."

मी तिलाही पाच मिनिटंच सांगितली. साडेसहाला लोकांनी सावली शोधायला सुरुवात केली. तृप्ती एकटी पुन्हा पळत, थांबत, पाय झटकत होती, अंग थंड पडू नये म्हणून. नंतर ती माझ्याकडे आली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत होती आणि मला ती दिसतही नव्हती.

ओमप्रकाशजी सहा पन्नासला आले. मेणबत्ती लागली, त्रिशरण-पंचशील झालं, त्यांनी फुलं वाहिली. वाकून, दोन्ही हात जोडून. मला खूप बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मग मी परिचय करून दिला. उशीर झाला म्हणून भाषण अर्ध्यावर आणलं आणि हा आपला मोठा त्याग आहे असं मला वाटत होतं. झेंडा हलला तेव्हा सात वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी सायकलवर तिच्या मागे. पहिले पाच किलोमीटर तिने बावीस मिनिटं चौदा सेकंदांत काढले. सगळं जमत होतं. पण सूर्य डोळ्यांवर आला होता, वारं पडलं होतं, कॉर्निशच्या फरशा तापायला लागल्या होत्या. सातव्या किलोमीटरला तिचा चेहरा लाल नाही, पांढरा दिसायला लागला. मी बाटली पुढे केली, तिने ती डोक्यावर ओतली. आठव्याला तिचा वेग पडला. नवव्याला तिने तो परत ओढून आणला, कुठून आणला देव जाणे. शेवटचे तीनशे मीटर तिच्या तोंडून आवाज येत होता, जो मी आकांक्षाच्या जन्माच्या वेळी ऐकला होता. रेषा ओलांडून ती गुडघ्यांवर बसली.

खुदेजाने घड्याळ तिच्यापुढे धरलं. पंचेचाळीस मिनिटं अकरा सेकंद.

माझं डोकं फिरलं. मी खुदेजाला म्हणालो, "मॅडम, ग्यारह सेकंद. इतनी गर्मी में. आपने देखा ना?"

खुदेजा शांतपणे म्हणाली, "भाई, मैं पाँच पैंतीस से देख रही हूँ. पौने छह बजे छूटते तो ये चवालीस में आती." मग तिने तृप्तीच्या खांद्यावर हात ठेवला, अरबीत काहीतरी पुटपुटली, आणि तिच्या दुसऱ्या सरावाला उशीर झाला होता म्हणून निघून गेली.

त्यानंतर सत्कार. बायकांमध्ये पहिली म्हणून तृप्तीचं नाव पुकारलं. शाल, बुके, ट्रॉफी. ओमप्रकाशजींच्या हातात माइक होता. चांगला माणूस, मनापासून बोलत होता. म्हणाला, "मुझे बहुत शर्म आ रही है कि मैं लेट हुआ. मैंने तो पौने छह बजे ही साळवे जी को मैसेज कर दिया था कि आप लोग शुरू कर दीजिए. पर आप लोग रुके रहे, ये आपका प्यार है."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तृप्तीच्या अंगावर शाल होती, केस ओले होते. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

गाडीत बसल्यावर तिने हात पुढे केला. "फोन."

मी दिला. तिने मेसेज वाचला, वेळ वाचली, फोन डॅशबोर्डवर ठेवला. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं आणि मला रागावण्याशिवाय दुसरं बोलता येत नाही. मी सुरू झालो. मोठ्या लोकांना वेळेची किंमत नसते, तानाजी सरांनी तरी ठाम राहायला पाहिजे होतं, खुदेजाचं घड्याळ तरी कशावरून बरोबर, अकरा सेकंदांसाठी माणूस नाकारणं हा कसला न्याय.

"झालं?" तृप्ती म्हणाली.

मी गाडी सुरू केली.

"आकांक्षाच्या कोचला तू फोन केला होतास तेव्हा मी शेजारी होते. मला त्या दिवशी तुझा अभिमान वाटला होता. मी ऑफिसात सांगितलं होतं, आमचा लोकेश असा आहे म्हणून."

मी तिला सगळं सांगितलं. लिफ्टचं, बारा वर्षांचं, फुलाचं. मला वाटलं तिला कळेल, तिलाही असली माणसं रोज भेटतात. तिने ऐकून घेतलं.

"बाबासाहेबांना त्याच्या फुलाची गरज होती की तुला?" ती म्हणाली. "ती फुलं त्याने आल्यावर वाहिली असती. मी त्याच्यावर चिडले नाहीये. त्याने सुरू करा म्हणून सांगितलं होतं. झेंडा तुझ्या हातात होता, लोकेश. मी दोनदा तुझ्याकडे आले."

ती ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो आणि हिशेब मिटला असता. ती ओरडली नाही. घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. संध्याकाळी आकांक्षाचा फोन आला. तृप्तीने तिला वेळ सांगितली आणि काय झालं तेही, जसं झालं तसं, एक शब्द न वाढवता. मग आकांक्षाने फोन मला द्यायला सांगितला. ही मुलगी इथे वाढलेली, तिचं मराठी अडखळतं. म्हणाली, "बाबा, माझे सर पण तुमच्यासारखेच... आय मीन, तुम्ही पण सेम." पुढचं वाक्य तिला मराठीत सापडलं नाही आणि तिने फोन ठेवला.

मी मंडळाच्या पुढच्या बैठकीत उभा राहिलो. म्हणालो, यापुढे प्रमुख पाहुणा नको, वेळ झाली की रेषेवर जो असेल त्याने झेंडा हलवायचा. आवाज चढला माझा. टेबलावर हातही आपटला. तानाजी सर शांतपणे म्हणाले, "साळवे, पाहुणा तुम्हीच आणला होता, परिचयही तुम्हीच लिहिला होता." सगळे हसले. ठराव पास झाला, पण बैल गेला आणि झोपा केला, त्याने काय होणार होतं? तो ठराव तृप्तीला सांगितला तर म्हणाली, "चांगलं केलंस." आणि वहीत आकांक्षाच्या पुढच्या मॅचचे आकडे भरत बसली.

उन्हाळाभर ती पळतच राहिली. पहाटे चारला उठून, कधी जिममधल्या पळायच्या पट्ट्यावर. तिचं तेच, चुकला की वळायचं आणि मागे पळायचं. माझ्याशी ती नीट बोलत होती, हसत होती, डबा भरताना माझ्या पोळ्या मोजून ठेवत होती. फक्त कुठे शर्यत आहे, किती वेळेत आली, हे मला सांगणं तिने बंद केलं. मी विचारलं की सांगायची. विचारलं नाही की नाही. माझी सायकलही एप्रिलपासून पडूनच होती.

नोव्हेंबरमध्ये खुदेजाचा संघ त्या स्पर्धेला गेला. तिसरी बाई मिळालीच नाही, पंचेचाळीसच्या आत कुणी आलंच नव्हतं. दोघी पळाल्या, दोघीही छान पळाल्या. पण संघाचा निकाल तिघींच्या वेळेवर लागतो, त्यामुळे त्यांचा संघ धरलाच गेला नाही. हे तृप्तीने मोबाइलवर वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. तिने मोबाइल माझ्यासमोर ओट्यावर ठेवला आणि बाहेर गेली. मी ती यादी तीन वेळा वाचली. तिसऱ्या नावाच्या जागी नुसती रेघ होती.

त्या रात्री मी म्हणालो, "उद्यापासून मी पुन्हा सायकल घेऊन येतो. पाणी धरायला."

"ये," ती म्हणाली. "मी पाचला निघते."

सकाळी मी सायकलच्या चाकात हवा भरली, बाटलीत बर्फ घातला, टोपी सापडेना म्हणून दोन खोल्या पालथ्या घातल्या. खाली उतरलो तेव्हा पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. बिल्डिंगच्या दारात ती नव्हती. दूर, दुसऱ्या राउंडअबाउटपाशी, दिव्याखाली तिची पाठ एकदा दिसली. मी जोरात पायडल मारायला लागलो, पण ती वळून बघत नव्हती.